सांगलीच्या हॉस्टेलमधून लिनक्सच्या नेटवर्किंगमध्ये कोड घालता येतो का? येतो, पण त्याआधी दुसऱ्याचा वाचावा लागतो

गळीत हंगामात सातारा-सांगलीतल्या कुठल्याही साखर कारखान्यावर जा. वजनकाट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग दिसणारच. कारखाना दिवसाला ठरावीक ऊसच गाळणार, पण आवार मोठं, त्यामुळे येईल तो ट्रॅक्टर आत घेतला जातो. आत आलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात नंबर लागेपर्यंत ऊस वाळतो आणि वजन घटतं.

घरातल्या इंटरनेटचं दुखणं बऱ्याचदा हेच असतं. एकानं मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळायला लागतो. स्पीड टेस्ट केली तर आकडा चांगला येतो. मग बिघडतं काय? राउटरमध्ये डेटाच्या पॅकेट्सना थांबायला जागा भरपूर असते, म्हणून रांग वाढत जाते आणि कॉलची छोटी पॅकेट्स त्या व्हिडिओच्या मागे अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात.

यावर एक इलाज म्हणजे 'पाय' नावाची पद्धत. गणितातला पाय नव्हे, आणि चालायचा तर नव्हेच. ही पद्धत रांगेत किती वेळ थांबावं लागतंय ते मोजते आणि तो वेळ वाढला की काही पॅकेट्स दारातच टाकून देते. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो हात आखडता घेतो. हीच पद्धत प्रत्येक प्रवाहासाठी वेगळी रांग लावून वापरली की तिला 'एफक्यू-पाय' म्हणतात. मग व्हिडिओची रांग वेगळी, कॉलची वेगळी.

आता मुद्द्याची गोष्ट. लिनक्समध्ये ही एफक्यू-पाय आणली ती सिलिकॉन व्हॅलीतल्या कुठल्या बड्या कंपनीनं नाही. ती आणली मंगळुरूजवळच्या सुरतकलच्या एनआयटीकेमधले प्राध्यापक मोहित तहिलियानी आणि त्यांच्या चमूनं. २९ मार्च २०२० ला आलेल्या लिनक्स ५.६ मध्ये ती दाखल झाली.

सुरतकल काही बेंगळुरू नाही. मग सांगली-कराडला काय अडचण आहे? सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० चं. वालचंदमध्ये तर विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. लिनक्स वापरणारी पोरं तिथं कमी नाहीत. वापरणं आणि त्यात कोड घालणं यांच्या मधे जे आहे त्याला म्हणतात रिव्ह्यू.

कर्नल हा लिनक्सचा गाभा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं तो सुरू केला आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. त्यातला नेटवर्किंगचा भाग पाहणाऱ्या मंडळींना 'नेटडेव्ह' म्हणतात. डेव्हिड मिलर, जेकब किचिन्स्की, पाओलो अबेनी, एरिक ड्युमाझे ही तिथल्या मेंटेनरांची नावं. इथं बदल पाठवायला फॉर्म नाही, फी नाही, कॉलेजचं शिफारसपत्र तर अजिबात नाही. पाठवायचा असतो एक साधा ईमेल. त्यात काय बदललं आणि का बदललं हे लिहायचं आणि खाली कोडच्या ओळी, काढलेल्यापुढे वजा, घातलेल्यापुढे अधिक. हाच पॅच. शब्दाचा अर्थ ठिगळ, आणि काम तेच.

यात नवखे अडकतात ते कोडपेक्षा रीतीभातीत. नेटडेव्हचे दोन कप्पे आहेत. 'नेट'मध्ये फक्त चुकांची दुरुस्ती, 'नेट-नेक्स्ट'मध्ये नवं काम. कुठल्या कप्प्यासाठी पॅच आहे ते विषयाच्या ओळीतच लिहावं लागतं. लिनक्सची नवी आवृत्ती निघाली की साधारण दोन आठवडे नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा नवं काम पाठवलं तर परत येतं. दुरुस्ती असेल तर मूळ चूक कुठल्या जुन्या बदलानं घुसली त्याचा उल्लेख करावा लागतो. फंक्शनमधल्या व्हेरिएबलच्या ओळीसुद्धा लांबीप्रमाणे उतरत्या लावायच्या, सर्वांत लांब वर. ऐकायला हट्ट वाटतो, पण रोज परक्यांचा कोड वाचणाऱ्याला सगळीकडे एकच मांडणी लागते.

शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' या शब्दांपुढे नाव. ही सही शोभेची नाही. हा कोड देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असं त्यातून लिहून दिलं जातं. लिनक्समध्ये आपला कोड चोरून घातल्याचा दावा एससीओ कंपनीनं २००३ मध्ये कोर्टात केला होता. त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत सुरू झाली.

मग उत्तरं येतात, आणि ती सगळ्या जगाला दिसतात. कुणी विचारतं, इथं मेमरी मिळाली नाही तर काय होईल? कुणी म्हणतं, हे लॉक घेतल्यावर झोपता येत नाही. इथं राग येऊन उपयोग नाही, आणि घाई तर त्याहून नको. सुधारलेली आवृत्ती २४ तासांच्या आत पाठवू नये असा नेटडेव्हचा नियमच आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला झोपलेल्या माणसालाही वाचायला वेळ मिळावा म्हणून.

सुरतकलचं कामही एका दमात आत गेलं नाही. त्यांना आवृत्त्या सुधारून पुन्हा पाठवाव्या लागल्या. पण त्यांनी सगळं एका गठ्ठ्यात टाकलं नव्हतं. आधी कर्नलमध्ये असलेल्या पायच्या कोडमधला सामाईक भाग छोट्या छोट्या पॅचमधून वेगळा काढला आणि शेवटच्या पॅचमध्ये नवी पद्धत घातली. वाचणाऱ्याला एका वेळी एकच पायरी चढावी लागली.

एवढं करूनही चुका राहिल्याच. मे २०२१ मध्ये या कोडमधून ठरलेल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लागत असल्याचं सापडलं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते दुरुस्त केलं. २०२३ मध्ये आणखी एक दुखणं निघालं. प्रवाहांची संख्या ६५,५३६ ठेवली की एक टायमर सगळ्यांवरून एकाच फेरीत फिरायचा आणि प्रोसेसर अडकून बसायचा. ड्युमाझे यांनी एका वेळी २,०४८ च प्रवाह पाहायचे असा बदल केला.

हे जास्तीत जास्त एका पद्धतीपुरतं होतं. १७ जून २०१९ ला नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी उघड केलेला दोष थेट टीसीपीमध्ये होता, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेबसाइट ज्यावर चालते त्यात. मुद्दाम रचलेली पॅकेट्स पाठवून दूरवरचा सर्व्हर बंद पाडता येत होता. कारण काय, तर १६ बिटांचा एक आकडा विशिष्ट परिस्थितीत उतू जायचा. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ पासूनच्या आवृत्त्यांना हा धोका होता. दहा वर्षं तो कोड अनेकांच्या डोळ्यांखालून गेला.

तेव्हा तुटवडा पॅच पाठवणाऱ्यांचा नाही, वाचणाऱ्यांचा आहे. इथेच आपल्याकडचा हिशेब चुकतो. रेझ्युमेवर 'लिनक्स कर्नल कॉन्ट्रिब्युटर' लिहिता यावं म्हणून कुठेतरी एक स्पेस सरळ करून पाठवायची, असा शॉर्टकट मारला जातो. नेटडेव्हला असली नुसती साफसफाई नकोच असते, तसं त्यांच्या नियमांत लिहिलंय. कारण ती तपासायलाही कुणाचा तरी वेळ जातो. उलट दुसऱ्यांचे पॅच तपासा, अनुभव असो वा नसो, असं त्याच नियमांत आवर्जून सांगितलंय. नवख्यांनी फक्त मांडणीच्या बारीकसारीक चुका काढत बसू नये, खोलात जाऊन वाचावं, अशीही अपेक्षा आहे. चुकीची शंका विचारली तर काम अडेल ही भीतीही बाळगायची नाही. कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते मेंटेनरांना कळतं.

करायचं कसं? दुरुस्तीचा एक छोटा पॅच निवडायचा, दहा-वीस ओळींचा. तो लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमधल्या कर्नलला लावायचा. पॅच नसताना चूक खरंच होते का आणि लावल्यावर जाते का, हे करून पाहायचं. कर्नलसोबत नेटवर्किंगच्या चाचण्या तयार मिळतात, त्या चालवायच्या. मग सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायचं. चाचणी केली असेल तर 'टेस्टेड-बाय', समजून तपासलं असेल तर 'रिव्ह्यूड-बाय'. पॅच घेतला गेला की मेंटेनर ती ओळ सहसा सोबत जोडतात आणि नाव लिनक्सच्या इतिहासात राहतं. पण न समजता 'रिव्ह्यूड-बाय' देऊ नये. पुढे त्या कोडमध्ये चूक निघाली की ते नावही सगळ्यांना दिसतं.

उत्तर पाठवताना फक्त मोबाइलचं जीमेल ॲप टाळायचं. ते मेल एचटीएमएलमध्ये पाठवतं आणि नेटडेव्हचा सर्व्हर एचटीएमएल मेल दारातूनच परत करतो.