धंद्याच्या वाढीची आशा कशावर बांधावी?

पुढील सालीं आपला धंदा दुणावेल असें एका उद्यमी गृहस्थास वाटतें; त्याच पेठेंतील दुसऱ्यास आहे तेवढें टिकलें तरी पुरे असें वाटतें. हा फरक केवळ स्वभावाचा नव्हे. आमचें आयुष्य गहाणखतांच्या नोंदी करण्यांत गेलें. त्यावरून, जमीन अडकते ती बहुधा चुकीच्या आशेपायीं, असें आमचें मत झालें आहे. म्हणून ही आशा कशी बनते तें पाहूं.

पहिलें कारण चालू भाव. आडसाली ऊस तोडीस येण्यास सुमारें दीड वर्ष लागतें. गूळ महाग दिसला कीं लागणी वाढतात, गुऱ्हाळवाले कर्ज काढून नवी काहील व चरक घेतात. पुढें सर्वांचा गूळ एकाच हंगामांत उतरला म्हणजे भाव कोसळतो. आशा आजच्या भावावर. फेड मात्र दीड वर्षानंतरच्या भावानें!

दुसरें कारण गिऱ्हाइकाचा विश्वास. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढिला तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी समजूत होती, व आरंभीं माल खपेना. शेतांत गुण दिसला, तेव्हां मागणी वाढली. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली ती त्यानंतर.

तिसरें कारण सोयींची शाश्वती. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, त्यामुळें गुळास ठरलेला बाजार मिळाला. त्यांनींच हातीं घेतलेलें राधानगरीचें धरण त्यांच्या पश्चात् पुरें झालें, आणि पाण्याच्या भरंवशावर ऊस वाढला. पेठ आणि पाणी हीं दोन्ही एकट्यादुकट्याच्या हातचीं नव्हेत.

चौथें कारण दराची हमी. साखर कारखान्यास दिलेल्या उंसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवितें. गुळाचा भाव सौद्यांतच ठरतो. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानें नांव राखिलें जातें, दर बांधला जात नाहीं.

तेव्हां वाढीसाठीं कर्ज काढण्यापूर्वीं शेतकरी बंधूंनीं गेल्या पांच सालांचे भाव वहींत मांडावे, आणि त्यांतील सर्वांत मंद सालीं हप्ता फिटला असता काय, हें पाहावें. उत्तर होकारार्थी असेल तर खुशाल पुढें जावें. नसेल तर दोन-चार शेजाऱ्यांनीं मिळून भांडवल उभारावें. आशा सोडूं नये. परंतु ती हिशेबाच्या पायावर उभी असावी.