उभ्या गाडीची बॅटरी

वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा हंगाम सरला, की गटाचा टेम्पो उभाच राहतो. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते; आपल्या अकोला-अमरावतीच्या उन्हात तर लवकरच. म्हणून आम्ही तिची काळी तार सोडून ठेवतो. महिन्यातून एकदा मीटर लावतो : १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली तर चार्जिंगला. बुचाच्या बॅटरीत बॅटरीचंच पाणी घालायचं. विहिरीच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. चार्जिंग होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून चूल, काडेपेटी लांब ठेवा. अॅसिड डोळ्यांत उडालं, तर भरपूर पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

गाडी दोरानं ओढायची वेळ आलीच, तर हळू चला. इंजिन बंद असलं की ब्रेक जड होतो, वेळेवर लागत नाही. त्यापेक्षा महिन्याला एकदा बॅटरी पाहिलेली बरी.