नळातली कावेरी, रानातली कावेरी

बंगळूरच्या घरात सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला, की पातेल्यात पडणारे पाणी बहुधा शंभर किलोमीटरांवरून आलेल्या कावेरीचे असते. शिवनसमुद्राजवळ ते नदीतून घेतले जाते, तोरेकाडनहळ्ळी येथे शुद्ध केले जाते आणि पंपांच्या तीन टप्प्यांनी सुमारे ५०० मीटर उंच चढून शहरात पोहोचते. १९७४ सालापासून हा क्रम अखंड चालू आहे. या नळातल्या कावेरीशी आपला परिचय रोजचाच. पण वाचकहो, रानातली कावेरी आपण कधी पाहिली आहे काय? नसल्यास हिवाळ्यातला एखादा रविवार तिच्यासाठी अवश्य राखून ठेवावा.

कनकपुरामार्गे दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटर गेले, की संगम हे ठिकाण लागते. बंगळूरच्या उत्तरेस नंदीच्या डोंगरात उगम पावलेली अर्कावती येथे कावेरीस मिळते. पाणी बेताचे असते तेव्हा येथून हरिगोलात बसून पैलतीर गाठता येतो. हरिगोल म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, टोपलीसारखी गोल नाव. तिला ना पुढचे टोक, ना मागचे. नावाडी एकाच वल्ह्याने तिला नेतो आणि मुलांनी हट्ट धरलाच, तर मध्येच एक गिरकीही देतो. मात्र नावाडी सांगेल तितक्याच माणसांनी बसावे, प्रवाहात असता कोणी उभे राहू नये आणि लाइफ जॅकेटवाचून मुलांना नावेत पाऊल ठेवू देऊ नये.

पैलतीरावरून सुमारे चार किलोमीटरांवर मेकेदाटू आहे. कन्नडमध्ये ‘मेके’ म्हणजे शेळी आणि ‘दाटु’ म्हणजे ओलांडणे. वाघ पाठीस लागलेल्या एका शेळीने येथे उडी मारून नदी ओलांडली, अशी दंतकथा आहे. आतापर्यंत ऐसपैस पसरलेली कावेरी येथे कठीण खडकांच्या अरुंद घळीत शिरते आणि गर्जत पुढे जाते. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी फिरत राहतात व खडकात खोल खळगे कोरतात. कुकडीकाठी निघोजला ज्यांनी रांजणखळगे पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. निघोजचा खडक काळा कातळ, येथला करडा. कारागीर मात्र एकच, वाहते पाणी!

हाच कारागीर प्राण घेणाराही आहे. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते, आणि शेवाळलेल्या खडकावरून घसरलेला पाय सावरत नाही. येथे पोहण्याच्या मोहापायी अनेक घरांवर दुःख कोसळले आहे. तेव्हा मनाईचा फलक वाचून पुढे जाणे यात शौर्य नाही, हे कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वीच मुलांना समजावून सांगावे. नदी पाहावी, ऐकावी. येथे तिच्यात उतरू नये.

मुक्कामाने राहायचे असेल, तर प्रवाहाच्या वरच्या अंगास भीमेश्वरी व गाळीबोरे येथे निसर्गशिबिरे आहेत. १९८७ साली घोषित झालेल्या कावेरी अभयारण्याचा हा भाग. काठाने प्रचंड अर्जुनसादडे उभे असून त्यांच्या फांद्यांवर करड्या रंगाची मोठी खार वावरते. पाणमांजरांचे कळप, खडकावर ऊन खात पडलेली मगर, सायंकाळी पाण्यावर येणारे हत्ती, यांपैकी काय दिसेल ते आपल्या नशिबावर आणि त्याहूनही अधिक आपल्या शांत बसण्यावर अवलंबून असते.

या डोहांचा मूळचा राजा म्हणजे कावेरीच्या खोऱ्याखेरीज अन्यत्र न आढळणारा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मासा. एके काळी त्याला गळाने धरून परत सोडण्यासाठी हौशी लोक परदेशातून येत. पुढे अभयारण्याच्या हद्दीत ती करमणूक थांबविण्यात आली. नदीतले महाशीर घटू लागले, तेव्हा लोणावळ्याच्या केंद्रात वाढविलेली दुसऱ्या जातीच्या महाशीराची पिले सद्हेतूने कावेरीत सोडण्यात आली. ही जात आपल्या ओळखीची. १८३९ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने तिचे वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. पाहुणे फोफावले आणि यजमान ओसरला. २०१८ साली कावेरीच्या महाशीराची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. नदीवर प्रेम करतानाही किती जपावे लागते, याचा हा धडाच नव्हे काय?

परतताना संगमावर क्षणभर थांबावे आणि अर्कावतीकडे नीट पाहावे. १९३३ साली तिच्यावर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला आणि बंगळूरने अनेक वर्षे तिचेच पाणी प्याले. आज बसवनगुडीच्या नंदीच्या पायाशी उगम पावते असे मानली जाणारी वृषभावती शहराचे सांडपाणी घेऊन तिला मिळते, आणि ते सारे येथे कावेरीच्या पदरात पडते. आपण नळातून जी नदी घेतो, तिलाच मोरीतून परतफेड करतो ती अशी! शहराची तहान वाढतच असल्याने मेकेदाटूजवळ धरण बांधण्याचा कर्नाटक शासनाचा प्रस्ताव आहे. तमिळनाडूचा त्यास विरोध आहे. अमेरिकेने १९६८ साली कायदा करून काही निवडक नद्या मुक्त वाहत्या राखण्याचे ठरविले. आपल्याकडे तहान आणि रान यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सोपा नाही.

तो सोडविणे एकट्या कुटुंबाच्या हाती नसले, तरी काही गोष्टी निश्चित आपल्या हाती आहेत. शिदोरी डब्यातून न्यावी, कागदाचा कपटाही मागे ठेवू नये, आंघोळीचा साबण नदीत नेऊ नये. आणि घरी आल्यावर मुलांनी नळ वाहता ठेवला, तर रागे भरण्याऐवजी एवढेच विचारावे, “बाळांनो, हरिगोलातून आपण पाहिली ती नदी आठवते ना? तीच ही!”