न आलेल्या रुग्णाची नोंद

कुठल्याही डॉक्टरांना विचारा, आज किती पेशंट पाहिले? आकडा लगेच मिळतो. मग विचारा, तुमच्याकडे मधुमेहाचे उपचार घेणारे एकूण किती, त्यांतले सहा महिन्यांत फिरकलेच नाहीत असे किती आणि वर्षभरात ज्यांचे तळपाय एकदाही पाहिले गेले नाहीत असे किती? याचं उत्तर देऊ शकणारे दवाखाने फार थोडे. टाइप टू मधुमेहाच्या उपचारांचा दर्जा डॉक्टरांच्या पदवीपेक्षा किंवा नव्या गोळीपेक्षा या उत्तरावर अधिक ठरतो, असं मला गेल्या काही दशकांतलं संशोधन वाचताना पुन्हा पुन्हा वाटलं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीतले आकडे बहुतेकांच्या कानावर गेले असतील. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर. गोव्यात प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. पण याच पाहणीतून २०२२ मध्ये आलेला दुसरा निबंध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात प्रश्न वेगळा होता: ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक आहे, त्यांचं पुढे काय झालं? साखरेचं तीन महिन्यांचं मोजमाप, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आत असलेले ३६.३ टक्के निघाले. रक्तदाब आटोक्यात असलेले ४८.८ टक्के, वाईट कोलेस्टेरॉल आटोक्यात असलेले ४१.५ टक्के. आणि तिन्ही गोष्टी एकाच वेळी जमलेले? अवघे ७.७ टक्के. म्हणजे ज्यांना आपला आजार ठाऊक आहे अशा शंभरांतले ब्याण्णव जण अर्धवटच सुरक्षित.

तिन्ही एकत्र का पाहायचं? ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाने १९७७ पासून वीस वर्षं नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांचा माग ठेवला. साखर काटेकोर ठेवली तर डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे आजार पाव हिश्शाने कमी होतात, हे १९९८ मध्ये त्यातून कळलं. त्याच अभ्यासाच्या रक्तदाबाच्या शाखेने दाखवलं की दाब नीट सांभाळला तर पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटतो. डेन्मार्कच्या स्टेनो-२ अभ्यासात रुग्ण फक्त १६० होते, पण साखर, दाब, चरबी, तंबाखू, व्यायाम सगळ्यांकडे एकदम लक्ष दिलं गेलं. हृदयविकार निम्म्यावर आले आणि एकवीस वर्षांनी पाहिलं तेव्हा या गटाचं आयुष्य सुमारे आठ वर्षांनी वाढलेलं होतं. आपल्याकडे मात्र ‘शुगर किती आली?’ या एकाच प्रश्नावर भेट संपते. तीही बहुतेकदा त्या दिवशीची फास्टिंग आणि पीपी. तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि चहातली साखर सोडून आकडा सुधारता येतो, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असतं.

तीन महिन्यांची सरासरी अशी फसत नाही. पण तिलाही मर्यादा आहेत आणि त्या महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवायला हव्यात. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे. तिथे एचबीए१सी खोटं कमी येऊ शकतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी झालेल्या बाईचं तेच खोटं जास्त येऊ शकतं. अहवालावर सही करणाऱ्या प्रयोगशाळेला हे बहुतेकदा दिसत नाही. रुग्णाला ओळखणाऱ्या दवाखान्यालाच ते दिसतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलेली गोष्टही इथलीच. २००४ मध्ये त्यांचं आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचं एकत्र छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सडपातळ दिसणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला कशाला होतोय मधुमेह’ म्हणत परत पाठवणं आपल्याला परवडणारं नाही.

अमेरिकेतले अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तीन अंगांनी मोजायला शिकवलं: साधनं काय आहेत, प्रत्यक्षात काय केलं जातं आणि शेवटी रुग्णाचं काय होतं. साधनांचा आपल्याला मोठा सोस. चकाचक लॅब, भिंतीवरची प्रमाणपत्रं. मधल्या अंगाकडे कोणी बघत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णासाठी वर्षाकाठी नऊ गोष्टी ठरलेल्या आहेत: एचबीए१सी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातलं क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, वजन, तंबाखूची चौकशी, पायांची तपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी. यात महागडं असं फारसं काही नाही.

पायांचंच पाहा. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात, जळजळतं, ते निदान तक्रार तरी करतात. खरा धोका ज्यांना काहीच जाणवत नाही त्यांना. पायातली चप्पल निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं, हे लक्षण रुग्ण विचारल्याशिवाय सांगत नाही, कारण त्यात त्याला आजार दिसत नाही. असा माणूस शेतात अनवाणी फिरतो, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालतो, रात्री गरम पाण्याने पाय शेकतो. फोड येतो, चिघळतो आणि वास सुटल्यावर घरच्यांच्या लक्षात येतो. हे आधी कळायला दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा एक तंतू पुरतो. रुग्णाने डोळे मिटायचे, तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा, कुठे कळलं ते सांगायचं. दोन मिनिटांचं काम. त्याला एमडी डॉक्टर लागत नाही, शिकवलेली परिचारिका ते उत्तम करते. पण त्यासाठी कोणीतरी ‘चप्पल-मोजे काढा’ म्हणावं लागतं, आणि तेच कोणी म्हणत नाही.

वेळ नसतो, हे उत्तर खरं आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या डॉक्टर-भेटींच्या वेळांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये एका भेटीला साडेबावीस मिनिटं, भारतात दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांत मागची चिठ्ठी पुढे चालू राहते. साखर चढलेली दिसते, ‘पथ्य पाळा, महिन्याने बघू’ म्हटलं जातं आणि औषध तेच राहतं. अमेरिकी डॉक्टर लॉरेन्स फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच या वृत्तीवर बोट ठेवलं होतं: उपचार बदलायला हवा हे दिसत असूनही न बदलणं. दोष रुग्णाच्या पथ्यावर ढकलणं सोपं जातं. मला हा आपल्या दवाखान्यांतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, कारण रुग्ण तो मुकाट्याने पदरात घेतो.

यावर उपाय आपल्याच देशात तपासून झालेला आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत १,१४६ रुग्णांवर कॅर्स नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. औषधं नवी नव्हती. भर फक्त दोन गोष्टींची: रुग्णाची नोंद पाहून पुढचं पाऊल सुचवणारी संगणकप्रणाली आणि एक समन्वयक. हा समन्वयक डॉक्टर नव्हता. तो फोन करायचा, तारखा सांभाळायचा, घरच्या अडचणी ऐकायचा. साखरेबरोबर दाब किंवा कोलेस्टेरॉलचंही लक्ष्य गाठणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के होतं, या गटात १८.२ टक्के. पुढे चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणममध्ये मधुमेहासोबत नैराश्य असलेल्या ४०४ रुग्णांवर अशाच पद्धतीने उपचार झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मन आणि शरीर दोन्ही सुधारलेल्यांचं प्रमाण ७१.६ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५७.४. वर्षानुवर्षं इंजेक्शन टोचून घेणाऱ्या माणसाला ‘कंटाळा आला का हो?’ असं विचारणंही उपचारच आहे, असं मला त्यावरून वाटतं.

इंग्लंडचा एक अनुभव तर विलक्षण आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक नागरिक एका डॉक्टरकडे नोंदलेला असतो. त्या यादीवरून मधुमेहींना डोळे तपासायला दरवर्षी बोलावणं जातं, न आलेल्यांना पुन्हा जातं. ही योजना देशभर पोचल्यावर २००९-१० च्या नोंदी पाहिल्या गेल्या, तेव्हा कामाच्या वयातल्या लोकांमध्ये अंधत्वाच्या कारणांतला मधुमेहाचा पहिला क्रमांक गेलेला होता. निदान पन्नास वर्षांत प्रथमच.

दर्जा म्हणजे आकडा खाली आणणं एवढंच नव्हे, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या अकॉर्ड चाचणीत एचबीए१सी सहाच्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला आणि त्या गटात मृत्यू वाढले म्हणून २००८ मध्ये तो थांबवावा लागला. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या आजींना ‘सातच्या आत आणा’ सांगणं म्हणजे पहाटे साखर उतरून बाथरूममध्ये पडण्याची तजवीज करणं. त्यांना साडेसात-आठ चालतं.

औषधांचा प्रश्न थोडा हलका होतो आहे. मेटफॉर्मिन स्वस्तच होतं. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि हृदय-मूत्रपिंडाला जपणाऱ्या या गोळीच्या किमती झपाट्याने उतरल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. पण बहुसंख्य मधुमेही जातात खासगी दवाखान्यात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना बाह्यरुग्णाचा खर्च उचलत नाही. डायलिसिसला पैसे मिळतात, अँजिओप्लास्टीला मिळतात. लघवीतलं अल्ब्युमिन वेळेवर तपासून ते डायलिसिस टाळणाऱ्या दवाखान्याला काही मिळत नाही.

न आलेल्याला शोधायची विद्या आपल्या यंत्रणेला येत नाही असं मुळीच नाही. कुठल्या घरातल्या बाळाची लस चुकली, हे उपकेंद्रातल्या एएनएमताईंना नावानिशी माहीत असतं. त्यांच्याकडे ‘ड्यू लिस्ट’ असते आणि आशाताई त्या घरी जाऊन थडकतात. रक्तदाबासाठी हेच काम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत २०१७-१८ नंतर सुरू झालं: सगळ्यांना एकच ठरलेला औषधक्रम, घराजवळ महिन्याच्या गोळ्या आणि चुकलेल्या रुग्णांचा पाठपुरावा. मधुमेहासाठी ती यादी प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरात हवी, आणि गावातल्या जनरल प्रॅक्टिशनरच्या टेबलावरही. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लसीकरणाचे आकडे रंगवलेले असतातच. त्यांच्या शेजारी आणखी चार लिहावेत: गावात मधुमेही किती, गेल्या तीन महिन्यांत आले किती, साखर-दाब दोन्ही आटोक्यात किती, आणि पाय तपासले किती जणांचे.