विहीर लांब, रांजण दारात

मी खडकीहून बोलतेय. गेल्या खेपेला आमच्या बचत गटाच्या फराळाच्या वेबसाइटबद्दल सांगितलं, तेव्हा जुन्नरकडच्या एका गटाने विचारलं, "ताई, साइट आम्हीपण केली. पण फोनवर ती उघडतच नाही, नुसतं चाक फिरत राहतं. गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. काय करायचं?" हे दुखणं आम्ही पहिल्या दिवाळीला भोगलंय. त्यावर आम्ही उपाय केला आणि तो करून झाल्यावर एकदा पदरचे पैसेही घातले. दोन्ही सांगते.

आधी साइट हळू का उघडते ते बघू. वेबसाइट आपल्या फोनमध्ये नसते. ती कुठल्या तरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याने ठेवलेली असते. आमची होती अमेरिकेत. वर्षाचं भाडं कमी दिसलं म्हणून घेतली. सर्व्हर कुठे आहे हे विचारायचं असतं, हेच माहीत नव्हतं. तुम्ही मात्र विचारा. तर खडकी बाजारात उभ्या असलेल्या बाईला आमच्या चकलीचा फोटो बघायचा, तर तिची मागणी जाणार मुंबईसारख्या किनाऱ्यावर, तिथून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून अमेरिकेत, आणि तेवढीच वाट कापून फोटो परत येणार. केबलीत केसासारखी बारीक काचेची तार असते. तिच्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. तरी जाऊन येऊन साधारण पाव सेकंद लागतोच, आणि असा हेलपाटा एकच नसतो. आधी ओळख, मग मधल्या कुणी ऐकू नये म्हणून कुलपाची बोलणी, मग खरी मागणी. शिवाय वाणी नव्या गिऱ्हाइकाला एकदम पोतंभर माल उधार देत नाही, तसा सर्व्हरही सुरुवातीला थोडंच पाठवतो. पोचल्याचा निरोप आला की मग जास्त. रेंज कच्ची असली की वाटेत काही हरवतं आणि ते पुन्हा तेवढ्या लांबून मागवावं लागतं.

आता आपल्या घरातला रांजण आठवा. विहीर लांब असते म्हणून तांब्याभर पाण्यासाठी कुणी दरवेळी विहिरीवर जात नाही. एकदा खेप केली की रांजण भरतो आणि दिवसभर घरातली सगळी त्यातून पितात. सीडीएन, म्हणजे कन्टेन्ट डिलिव्हरी नेटवर्क, हे असेच रांजण. या कंपन्यांनी जगभरच्या शहरांत आपले सर्व्हर मांडलेले असतात, मुंबईतही. तुमच्या साइटवरचा फोटो पहिल्यांदा कुणी मागितला की तो मुळातल्या सर्व्हरवरून येतो आणि त्याची एक प्रत मुंबईच्या रांजणात राहते. पुढच्या बाईला तो मुंबईतूनच मिळतो. आमच्या गिऱ्हाइकांची मुलं अमेरिकेत आहेत, ती इथल्या आईवडिलांसाठी फराळ मागवतात. त्यांना त्यांच्या गावाजवळच्या रांजणातून मिळतं.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी 1998 मध्ये अकामाई ही कंपनी काढली, ती याच कामासाठी. तुमच्या घरच्यांनी 19 नोव्हेंबर 2023 ला विश्वचषकाचा अंतिम सामना मोबाइलवर बघितला असेल. एका वेळी 5 कोटी 90 लाख फोनवर तो चालू होता. एका ठिकाणच्या सर्व्हरने एवढ्यांना पुरवणं शक्यच नाही. असे रांजण जागोजागी असतात म्हणून जमतं. (सामना हरलो, त्याला सीडीएन काय करणार!)

खर्चाचं म्हणाल तर छोट्या साइटला फुकटातलीही सेवा पुरते. क्लाउडफ्लेअर नावाची कंपनी 2010 पासून अशी देते. मी कुणाची जाहिरात करत नाहीये, आम्ही वापरलं ते सांगतेय. तुमचा सर्व्हर मुंबईतच असेल आणि गिऱ्हाईक सगळं महाराष्ट्रातलं असेल, तर वेगात फार फरक पडायचा नाही. फक्त दिवाळीची गर्दी सोसायला मदत होईल. आणि फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच टाकला असेल तर आधी तो लहान करा. जड हंडा तो जडच, वाट जवळची असली तरी. टॉवर ते फोन एवढ्या शेवटच्या टप्प्यालाही सीडीएनचा इलाज नाही.

मांडणी अशी. सीडीएनच्या जागी खातं उघडायचं आणि साइटचं नाव घालायचं. ते तुमच्या पत्त्याच्या जुन्या नोंदी वाचून यादी दाखवतात. ती यादी नीट तपासा, गटाच्या ईमेलची नोंद सुटली तर पत्रं यायची बंद होतील. मग ते दोन नवे नेमसर्व्हर देतात. ही दोन नावं, जिथून तुम्ही साइटचं नाव विकत घेतलं तिथे जाऊन जुन्यांच्या जागी लिहायची. एक-दोन दिवसांत बदल सगळीकडे पोचतो, तोवर साइट चालूच राहते. कुलूप दोन्ही टप्प्यांना हवं: फोनपासून रांजणापर्यंत आणि रांजणापासून विहिरीपर्यंत. दुसरा टप्पा उघडा ठेवायचा पर्याय दिसतो, तो घेऊ नका. आणि गिऱ्हाइकाचा पत्ता, पैसे भरणं, लॉगिन ही पानं रांजणात साठवायची नाहीत. नाहीतर एकीचा पत्ता दुसरीला दिसेल.

आम्ही अडलो ते वेगळ्याच जागी. साइटचं नाव ज्या ओळखीच्या मुलाने घेऊन दिलं होतं, ते त्याच्याच ईमेलवर होतं आणि तो नोकरीला बंगलोरला गेलेला. पासवर्ड मिळेपर्यंत आठवडा गेला. मुलगा भला होता म्हणून मिळाला. नाव, सर्व्हर, सीडीएन, तिन्ही खाती गटाच्या ईमेलवर हवीत आणि पासवर्ड दोघींकडे तरी हवेत.

आता पदरच्या पैशांचं. रांजणातलं पाणी शिळं होतं ना, तसंच इथेही होतं. तेल महागलं म्हणून आम्ही चकलीचा भाव 420 चा 480 केला. भाव होता दरपत्रकाच्या फोटोत. नवा फोटो त्याच जुन्या नावाने चढवला, खडकीत आपल्या फोनवर नवा दिसला, निर्धास्त झालो. पण ज्यांनी आधी साइट बघितली होती, त्यांना जुनाच भाव दिसत राहिला. अकराजणींनी त्या भावाने मागवलं. माघार घेणं बरं दिसेना, फरक गटाने सोसला.

नंतर कळलं की सीडीएनच्या पानावर साठा रिकामा करायचं बटण असतं. पण त्याने रांजण रिकामा होतो. गिऱ्हाइकाच्या फोनने स्वतःकडे ठेवलेली प्रत जात नाही, तो तिच्या घरातला तांब्या. म्हणून आता आम्ही फोटोचं नावच बदलतो: दरपत्रक-1, दरपत्रक-2. नवं नाव दिसलं की फोन आणि रांजण दोघांनाही नव्याने भरावं लागतं. आणि भाव शक्यतो फोटोत न घालता पानावर अक्षरांत लिहितो.

जुन्नरच्या मैत्रिणींनो, हे काम दिवाळीच्या आठवड्यात काढू नका. श्रावणात करून ठेवा. गणपतीत थोड्या ऑर्डरी येतात, त्यात कुठे बिघडतंय ते कळतं आणि दुरुस्त करायला वेळही मिळतो.