गाडी भंगारात देताना: आधी यादी, मग काटा



भुईमुगाच्या शेंगा फोडल्यावर दाणे आणि टरफलं आपण एकाच भावानं विकतो का? नाही ना? पण आमच्या बचत गटानं गेल्या वर्षी नेमकं तेच केलं. फक्त शेंगांच्या जागी गाडी होती.

पापड, शेवया, मसाला घेऊन आठवडी बाजाराला जायला आम्ही सगळ्यांच्या पैशातून एक जुनी मारुती ओम्नी घेतली होती. तिला पंधरा वर्षं झाली, खालचा पत्रा गंजला, पासिंगचा खर्च झेपेना. मग भंगारवाल्या भाऊंना बोलावलं. काट्यावर गाडी ७८५ किलो भरली. माती, काच आणि रबराचे म्हणून ६५ किलो वजा झाले. उरलेल्या ७२० किलोंचे, २५ रुपयांप्रमाणे, १८,००० रुपये हातात आले. हिशेब चोख, आम्ही खूश.

रजिस्टर लिहायला बसलो तेव्हा डोळे उघडले. चारच महिन्यांपूर्वी आम्ही दोन नवे टायर आणि नवी बॅटरी टाकली होती. ९,४०० रुपयांची बिलं समोर होती! टायर तर रबर म्हणून वजनातूनच गेले होते. दहाएक किलोची बॅटरी २५० रुपयांत गेली होती. पुढे तालुक्याच्या एका गॅरेजात दुसऱ्याच ओम्नीला आमचा दरवाजा लावलेला दिसला. त्यावरचं गटाचं नावही अजून पुसलं नव्हतं.

भाऊंनी फसवलं असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी वजनाचा भाव सांगितला आणि आम्ही वजन विकलं. यादी आम्हीच केली नव्हती. ती कशी करायची, ते आज सांगतो.

गाडी सुरू होत असेल तर बॅटरी काढण्याआधी ती चालू करा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. इंजिनाचा आवाज, दिवे, वायपर, हॉर्न, सगळं त्यात येऊ द्या. चालू इंजिन आणि बंद इंजिन यांच्या भावात मोठा फरक असतो, पण एकदा बॅटरी निघाली की ते चालू होतं हे दाखवणार कसं? गाडी बरी चालत असेल, तर आधी सेकंडहँड म्हणून काय येईल तेही विचारा.

मग ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून भागांचे तीन गट पाडा.

पहिला गट, दुसऱ्या गाडीला बसतील असे भाग: इंजिन, गिअरबॉक्स, सेल्फ, डायनामो, रेडिएटर, दरवाजे, काचा, हेडलाइट, सीट, टायर, स्टेपनी, जॅक. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली असेल, तर तो टायर रस्त्यावर चालवण्याजोगा नाही. झिजलेले ब्रेक कुणाला वापरायला देऊ नका. चार पैशांसाठी कुणाचा जीव नको.

दुसरा गट, लोखंडापेक्षा महाग धातूचे भाग. वायरिंगमध्ये तांबं असतं, गिअरबॉक्सचं कवच बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, बॅटरीत शिसं असतं. बॅटरीचं दुकान जुनी बॅटरी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतं, तो भावही विचारा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. हा डबा लोखंडाच्या भावात देऊ नका.

तिसरा गट म्हणजे उरलेला सांगाडा. तोच फक्त काट्यावर जाऊ द्या.

आता भाव. प्रत्येक भागापुढे तीन रकाने आखा: गॅरेजवाला काय देईल, जुन्या स्पेअर पार्टचा दुकानदार काय देईल, भंगारवाला काय देईल. नव्या भागाच्या किमतीची आशा धरू नका. दुकानदाराला तो साफ करायचा, ठेवायचा आणि गिऱ्हाइकाची वाट बघायची असते. काढायची मजुरीही वजा करा. ८०० रुपयांच्या भागाला १,००० रुपये मजुरी लागत असेल, तर तो गाडीलाच राहू द्या. यादी हातात असली की भंगारवाल्याशी बोलणंही बदलतं. "दादा, किलोचा भाव राहू द्या, टायर आणि बॅटरीचे वेगळे किती?" एवढं विचारलं तरी पुरे.

एक काळजी घ्या. गाडीला गॅस किट असेल, तर टाकी घरी सोडवू नका. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. बॅटरीतलं ॲसिड आणि इंजिनाचं जुनं ऑइल शेतात किंवा ओढ्यात ओतू नका.

शेवटी कागद. आमची गाडी सचिवताईंच्या नावावर होती. ती मोडली, पण आरटीओच्या दप्तरी ताईच मालक राहिल्या. नंबरप्लेट किंवा चासी नंबर कुणी भलतीकडे वापरला असता, तर पोलीस ताईंच्या दारात आले असते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी कायमची मोडीत निघाल्यावर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी बुक जमा करायचं असतं. २०२१ च्या नियमांनुसार सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रंही सुरू झाली आहेत. तिथं गाडी दिली की सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. मात्र केंद्रात द्यायची असेल, तर काही भाग काढून घेतलेले चालतील का, हे आधी विचारून घ्या.

मैत्रिणींनो, हे फक्त गाडीचं नाही. गटाची पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, शिवणयंत्र, काहीही मोडीत काढायचं असेल, तर बैठकीत रजिस्टर उघडा, बिलं बघा, यादी करा. एकेकीनं जमवलेल्या पैशातून घेतलेली वस्तू आहे ती. विकतानाही तिचा पूर्ण हिशेब झाला पाहिजे.

आधी यादी, मग काटा. एवढं लक्षात ठेवा.