छपराविना धुणं

डहाणूहून चर्चगेटकडे निघालेली जलद लोकल महालक्ष्मीला थांबत नाही. त्यामुळे बोईसर-पालघरहून रोज ये-जा करणाऱ्यांना तिथला धोबीघाट दिसला तर धावताच दिसतो. नीट पाहायचा तर स्टेशनालगतच्या पुलावर उभं राहावं. खाली सिमेंटचे सातशेहून जास्त हौद, हौदापाशी कपडे आपटायचा दगड आणि वर आभाळ. दर्शनी भिंत नाही, कमान नाही. बांधकाम १८९०चं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या अमलातलं. त्याच अमलात तिकडे विलायतेत धुण्या-न्हाण्यासाठी वाड्यांसारख्या इमारती उठत होत्या.

तिकडची गोष्ट कॉलऱ्यापासून सुरू होते. १८३२च्या साथीत लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सन या कष्टकरी बाईने पाणी तापवायची आपली सोय शेजारपाजारच्यांची अंथरुणं-पांघरुणं धुवायला खुली केली. १८४२मध्ये त्या शहरात फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुलाईघर एकत्र सुरू झालं, आणि १८४६मध्ये संसदेने कायदाच केला. कष्टकऱ्यांसाठीच्या न्हाण्या वरच्या वर्गाच्या दुप्पट तरी असाव्यात, त्यांच्याकडून गार पाण्याच्या आंघोळीला एक पेनी आणि गरम पाण्याच्या आंघोळीला दोन पेन्यांहून जास्त घेऊ नयेत, असं त्यात बजावलं होतं.

या इमारतींची रचना कामातूनच ठरली. मागे बॉयलर आणि उंच धुराडं, डोक्यावर पाण्याची टाकी. धुलाईघरात एकेका बाईला आडोशाचा खण, म्हणजे आपल्या चादरीची ठिगळं शेजारणीला दिसायला नकोत. ऊन भरवशाचं नाही, म्हणून वाळवायला तापवलेली कपाटं; कपडे टाकलेल्या उभ्या चौकटी त्यांतून ओढून काढायच्या. थाट सगळा पुढच्या बाजूला. मँचेस्टरचं व्हिक्टोरिया बाथ्स उघडलं १९०६मध्ये, राणी गेल्यावर, पण घराणं तेच. त्याला तीन दारं: पहिल्या वर्गाचे पुरुष, दुसऱ्या वर्गाचे पुरुष आणि बायका. तलावातलं पाणीही त्याच क्रमाने वापरलं जाई. बायकांच्या वाट्याला ते शेवटी येई. पाण्याला उतरंड लावण्यात आपणच पटाईत, असं समजायचं कारण नाही.

मुंबईत परीट पूर्वी तळ्यावर धूत. धोबीतलाव हे नाव त्याचंच. १८८८च्या महापालिका कायद्याने धंद्याचं धुणं कुठे धुवायचं हे ठरवण्याचा अधिकार आयुक्तांकडे गेला. हेतू विलायतेतलाच, रोगराई आवरण्याचा, पण इमारत मात्र आली नाही. तिथे बाई आपल्या घरचं धुणं घेऊन येई, तिची अब्रू झाकायला भिंत हवी होती. इथे परीट दुसऱ्यांचं धुणं आणणार, आणि साऱ्या जातीला एका जागी बसवलं की सरकारचं काम भागलं. पावसाळ्याचे चार महिने कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न परिटांवर सोडला. कॉस्टिक सोड्याच्या भट्ट्या आणि पत्र्याची छपरं घाट बांधून झाल्यावर हौदांच्या आसपास दाटीने उभी राहिली. वाळवणाची दोरी दुहेरी पिळाची, कपड्याचं टोक पिळात खोचलं की चिमटा लागत नाही. विलायती कपाटापेक्षा मला ही युक्ती सरस वाटते. जवळच्या सातरस्त्याच्या चौकाला आज संत गाडगे महाराजांचं नाव आहे. तेही परीट घराण्यातले.

सरकारचा खरा पैसा गेला तो पाण्यात. शहराला पाणी देणारे तलाव बांधले: विहार १८६०, तुळशी १८७९ आणि घाटापाठोपाठ तानसा १८९२. तळ्यावरचं धुणं नळावर आलं ते यामुळे. पुढे वैतरणेचं पाणीही शहराकडे वळलं. सफाळ्यानंतर आपली गाडी जिच्या खाडीवरून खडखडत जाते तीच ही वैतरणा.

न्हाण्यासाठी मात्र आपल्या पालघरच्या आसपास बॉयलरची गरजच नव्हती. सातिवली, कोकनेर आणि तानसेकाठचं अकलोली-वज्रेश्वरी इथे जमीनच पाणी तापवून देते. बांधकाम म्हणाल तर दगडी कुंड, चार पायऱ्या आणि शेजारी देऊळ.

घरोघरी न्हाणीघरं आणि धुलाईयंत्रं आली तशी विलायतेतली गिऱ्हाइकं आटली. व्हिक्टोरिया बाथ्स १९९३मध्ये बंद पडलं. महालक्ष्मीच्या घाटावर मात्र धुणं दुसऱ्यांचं होतं. यंत्रं इथेही आली, पण ती परिटांनीच आणून पत्र्याखाली बसवली. आता त्यांत हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी आणि दुकानात जाण्याआधीचे कोरे कपडे फिरतात.